बेचाळीसपैकी किती?

साशंक : पेशंटला मार्क द्यायची कल्पनाच मला मुळात पटत नाही. तोंड वाकडं झालंय, उजवा हात लुळा पडलाय, बोलायला गेला तर शब्द फुटत नाही. अंगावरून वारं गेलं, हे शेजारची बाईसुद्धा ओळखते. त्याला चौदा मार्क दिले काय नि सतरा दिले काय, माझ्या दवाखान्यातून त्याला हलवायचंच आहे. बेलापूरला माझ्याकडे ना सीटी स्कॅन, ना गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, ना न्यूरोलॉजिस्ट. मग गाडीत घालायच्या आधी त्याचे हातपाय वर-खाली करून बेरीज कसली करत बसू? मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला 19 लाख पेशी मरतात, असे तक्ते तुम्हीच तरुण मंडळी भिंतीवर लावता. बेरीज चालू असताना त्या मरायच्या थांबतात का?

आग्रही : थांबत नाहीत, सर. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एक करताय. बेचाळीस मार्कांची मोठी परीक्षा ती अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या नावाची. सिनसिनाटीचे टॉमस ब्रॉट आणि त्यांचे सहकारी यांनी ती 1989 साली प्रसिद्ध केली, आणि औषधांच्या चाचण्यांत ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी एकाच मापाने मोजावं हा तिचा हेतू होता. शुद्ध, नजर, दृष्टी, चेहरा, दोन हात, दोन पाय, हालचालीतला ताळमेळ, स्पर्श, भाषा, उच्चार, शरीराच्या एका बाजूचं भान, एवढं सगळं त्यात येतं. ती तुम्ही बेलापुरात करा, असं मी म्हणतच नाही. मी बोलतेय ते धाकट्या पट्ट्यांबद्दल. फास्ट घ्या : चेहरा, हात, बोलणं आणि वेळ. नव्वदीच्या दशकाअखेरीस इंग्लंडात न्यूकॅसलला ती अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांसाठी तयार झाली. लॉस एंजेलिसची मोटर स्केल त्याच्या एक पाऊल पुढची : चेहऱ्याला एक, धरलेला हात खाली येतो त्याला दोन, मुठीच्या पकडीला दोन, एकूण पाच. चार-पाच आले तर मोठी वाहिनी तुंबली असण्याची शक्यता बरीच. एक मिनिट पुरतं. आणि ते मिनिट तुम्ही नाहीतरी देताच! हात वर करायला सांगता, बोट दाबायला सांगता. दिसलं ते लिहीत मात्र नाही.

साशंक : लिहिलं तर वाचतं कोण? चिठ्ठी जावयाच्या खिशात जाते, जावई दुसऱ्या गाडीने मागून येतो.

आग्रही : चिठ्ठीचं राहू द्या, फोनचं घ्या. इमर्जन्सीत फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, ‘मॅडम, पॅरालिसिसचा पेशंट पाठवतोय, सीरियस आहे, बघून घ्या.’ सीरियस म्हणजे काय समजायचं मी? बीपी 220 आहे म्हणून सीरियस, बेशुद्ध आहे म्हणून सीरियस, का सोबत पंचवीस माणसं आहेत म्हणून सीरियस? त्याऐवजी तुम्ही म्हणालात, ‘साडेनऊला धड होता, उजवी बाजू गेली, पाचपैकी चार, शुगर 140’, तर गाडी फाटकात शिरायच्या आत मी सीटीचं टेबल मोकळं ठेवते, वजन करायला माणूस उभा करते, न्यूरोलॉजिस्टला उठवते. आकडा पेशंटसाठी नाहीच. ज्याने पेशंट पाहिला आणि ज्याने अजून पाहिलेला नाही, त्या दोघांत बोलणं व्हावं म्हणून तो आहे.

साशंक : आता तुझंच वाक्य बघ. चार गोष्टी सांगितल्यास. वेळ, बाजू, शुगर आणि मार्क. त्यातल्या तिनांना पट्टी लागली नाही. आणि त्या तीन जास्त मोलाच्या आहेत. गुठळीचं इंजेक्शन द्यायचं का नाही हे आधी घड्याळ ठरवतं. 1995 च्या अमेरिकन चाचणीत तीन तास, 2008 च्या युरोपातल्या चाचणीनंतर साडेचार. शुगर 40 वर आली की माणूस हुबेहूब लकव्यासारखा पडतो, ग्लुकोज दिलं की उठून बसतो. तुझ्या पाचपैकी त्याला चार मिळालेले असतात. फिट येऊन गेलेल्याचा हात काही काळ लुळा राहतो. चेहऱ्याच्या नसेचा लकवा असलेला पोरगा कानाला वारं लागलं म्हणत येतो, त्याचंही तोंड वाकडं. आणि आपल्याकडचं तोंड तपासणं म्हणजे काय असतं ते पुस्तकात लिहिलेलं नाही. ‘दात दाखवा’ म्हटलं तर दात नाहीत. एका गालात तंबाखूची चिमूट आहे. गुटखा खाऊन खाऊन तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. बोलणं बोबडं आहे ते आज झालं का मिश्री लावून बसलाय, हे त्याच्या बायकोला विचारल्याखेरीज कळत नाही.

आग्रही : मग विचारायचं की. ‘हे रोजचंच का?’ हा प्रश्न पट्टीचा भाग धरायला माझी ना नाही. चूळ भरायला लावा, मग तपासा. पण शेजारची बाई ओळखते म्हणालात ना, तिथे मी अडते. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी गावागावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली आणि 2015 साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात मांडली. तिथल्या खेड्यांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. दर शंभर मृत्यूंत चौदांहून थोडे जास्त. आणि त्यातले बहुतेक घरीच गेले. शेजारच्या बाईने ओळखलं नसेल का? ओळखलंच असेल. ओळखून झाल्यावर कुणी अंगाऱ्याला नेलं, कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी सकाळपर्यंत वाट पाहिली. ‘वारं गेलं’ म्हटलं की गोष्ट घडून गेली, आता भोगायचं. ‘हात दहा सेकंद धरता येत नाही, निघा’ म्हटलं की अजून काही करण्याजोगं आहे. आशाताईच्या हातात मला ही दुसरी गोष्ट द्यायची आहे.

साशंक : आशाताईच्या हातात दे, आनंदाने दे. ओळखायला आणि घाई करायला फास्ट चांगली, हे मी मान्य करतो. तरी तीसुद्धा सगळं पकडत नाही. केंटकीतल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये आपलेच जुने पेशंट तपासले तेव्हा गुठळीच्या स्ट्रोकपैकी सुमारे 14 टक्के फास्टमधून निसटलेले दिसले. तोल आणि डोळे हे दोन प्रश्न वाढवल्यावर निसटणारे चार-साडेचार टक्क्यांवर आले. मागच्या मेंदूचा स्ट्रोक असाच निसटतो. माणूस चक्कर येते म्हणतो, ओकतो, भिंत धरून चालतो. हात ठीक, चेहरा ठीक, बोलणं ठीक. त्याला शून्य. तो माझ्याकडे पित्त झालं म्हणून येतो, मी सलाइन लावतो, आणि तुझी पट्टी मला पाठीवर शाबासकी देते.

आग्रही : ती पट्टीची चूक म्हणाल का शून्याचा अर्थ चुकीचा लावण्याची? शून्य म्हणजे ‘या तीन गोष्टींत काही दिसलं नाही’ एवढंच.

साशंक : वाचणारा तसा वाचत नाही ना. आकड्याचा स्वभावच असा, की तो मागचे सगळे ‘पण’ गिळून टाकतो. बरं, त्याहून मोठी गोष्ट. तुझी पट्टी किती हे सांगते, काय हे सांगत नाही. मेंदूत गुठळी अडकली का रक्त फुटलं, दोन्हीत तोंड वाकडं आणि हात लुळा. चीनमध्ये अ‍ॅम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवून पाहण्याची मोठी चाचणी झाली, 2024 मध्ये छापून आली. पेशंट निवडले ते फास्टवर आणि बीपीवर. सीटी झाल्यावर कळलं, की खरा स्ट्रोक असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना रक्तस्राव होता. एकूण निकाल शून्यावर आला, कारण रक्तस्राववाल्यांना औषधाने फायदा झाला आणि गुठळीवाल्यांचं नुकसान. आपल्याकडे काय होतं ते तुला माहीत आहे. तोंड वाकडं दिसलं, बीपी 200 दिसलं, की हात आपोआप गोळीकडे जातो. जिभेखाली एक गोळी, वर एक अ‍ॅस्पिरिन. गुठळी असेल तर पहिलीने घात, रक्तस्राव असेल तर दुसरीने. त्यावर ‘पाचपैकी चार’ असा शिक्का असला की गोळी देणाऱ्याची छाती आणखी फुगते.

आग्रही : इथे तर मी तुमच्या पुढे जाऊन सांगते. पट्टीखाली ठळक अक्षरांत छापा : सीटीच्या आधी अ‍ॅस्पिरिन नाही, जिभेखाली गोळी नाही. आकडा काय करायला सांगतो यापेक्षा काय करू नको सांगतो, ते मला जास्त उपयोगाचं वाटतं. पण ज्या मोठ्या परीक्षेवर माझ्याकडे निर्णय होतात, तिच्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय. कारण तुमचा खरा राग तिच्यावर दिसतो.

साशंक : राग नाही, जरा हसू येतं. समज, सत्तरीची एक म्हातारी आहे, उक्कलगावाकडची म्हण. तिला तुमच्याकडे आणलं. पहिला प्रश्न, ‘महिना कोणता चालू आहे?’ ती म्हणते, ‘आखाड सरंल आता.’ तुमच्या डॉक्टरच्या मनात जुलै आहे. नियम असा, की उत्तर बरोबर हवं, जवळपासला मार्क सोडायचे नाहीत. दुसरा प्रश्न, ‘वय किती?’ ती सांगते, ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाय जात व्हते, तवा थोरला पोटात व्हता.’ याच्याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. वीस-एकवीसची असेल तेव्हा, मांड हिशोब! पण आकडा सांगितला नाही, म्हणजे चूक. मेंदूला काही झालेलं नसताना दोन मार्क. मग चित्रं दाखवायची. खुर्ची ओळखेल, किल्ली ओळखेल, पीस ओळखेल. हातमोजा? दोन झाडांना बांधलेला तो परदेशी झोपाळा? ती त्याला झोळी म्हणेल, आणि माझ्या मते ती बरोबर आहे. पुढचं चित्र स्वयंपाकघराचं : बाई ताटली पुसतेय, नळाखालचं पाणी सांडतंय, पोरगं स्टुलावरून कलंडत बिस्किटाच्या बरणीत हात घालतंय. काय चाललंय सांगा म्हणे. चूल कुठे आहे ते म्हातारी शोधत बसेल. शेवटी वाचायचे शब्द, त्यात ‘हकलबेरी’ आणि ‘बेसबॉल प्लेअर’.

आग्रही : हसायला मलाही येतं. पण सराव असलेली नर्स ‘आखाड’ ऐकून बरोबरच धरते, लिहिताना बाजूला टीप टाकते. चित्रांऐवजी खिशातलं पेन, हातातली बांगडी, भिंतीवरचं घड्याळ विचारते.

साशंक : म्हणजे नियम मोडते. नियम मोडल्यावरच परीक्षा माणसाच्या उपयोगी पडते. मग एकाच मापाने मोजायचं हे जे मूळ कारण, ते कुठे गेलं? एक नर्स टीप टाकते, दुसरी दोन मार्क देते. तुझ्याकडचा आठ आणि नाशिकचा आठ एकच राहिला का?

आग्रही : नाही राहिला. हे मला मान्य करावं लागेल. तरीही दोन मार्कांच्या फरकाने मोठा निर्णय क्वचित उलटतो. बावीसचा पेशंट वीसचा झाला म्हणून काही बदलत नाही.

साशंक : वर नाही बदलत, खाली बदलतं. गुठळी तारेने ओढून काढायची का, यासाठी मार्गदर्शक तत्त्वांत एनआयएचचा सहा हा उंबरठा ठरलेला आहे. पाच असला तर थांबा, सहा असला तर चला. आणि हे मार्क कशाला मिळतात बघ. बेचाळीसपैकी सात थेट भाषेशी बांधलेले आहेत. महिना-वयाचे दोन, सांगितलेलं करण्याचे दोन, बोलण्या-समजण्याचे तीन. एका बाजूचं भान हरपलं तर मात्र दोनच. भाषा बहुतेकांची डाव्या मेंदूत. म्हणजे उजव्या मेंदूचा तेवढाच मोठा भाग गेला तरी मार्क कमी. 1999 मध्ये हे मोजून दाखवलं गेलं : वीसच्या खाली समान मार्क असलेल्या पेशंटांत उजव्या बाजूची इजा डाव्या बाजूच्या साधारण दुप्पट मोठी होती. त्या माणसाला आपला डावा हात आपला वाटत नाही, ताटातलं अर्धं जेवण दिसत नाही, आणि तो म्हणतो, मला काही झालंच नाही, घरी सोडा. तो शांत असतो म्हणून त्याला मागे ठेवतात.

आग्रही : आणि बोटं. तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते. मोठ्या परीक्षेत खांद्यापासून हात धरता येतो का एवढंच पाहतात. बोटांच्या ताकदीला आज एकही मार्क नाही. नुसती बोटं गेलेला माणूस हात छान धरतो. शून्य. लॉस एंजेलिसच्या पाच मार्कांत मुठीची पकड आहे, म्हणून तर मला धाकटी पट्टी काही बाबतींत थोरलीपेक्षा शहाणी वाटते.

साशंक : तुझ्याच बाजूने एक पुरावा दे बरं, मग मी माझं सांगतो.

आग्रही : 2018 मधली प्रिझम्स चाचणी. शून्य ते पाच मार्कांचे पेशंट, ज्यांचा दोष अपंग करणारा नाही, अशांना गुठळी विरघळवायचं इंजेक्शन विरुद्ध अ‍ॅस्पिरिन. चाचणी मध्येच थांबवावी लागली, पण इंजेक्शनचा फायदा दिसला नाही आणि मेंदूत रक्तस्राव मात्र काहींना झाला. म्हणजे कमी मार्कवाल्या प्रत्येकाला सुई टोचायची नाही, हे कळलं ते मार्क होते म्हणूनच. मार्क नसते तर कुणाच्या ‘मला वाटतं’ला कुणाचं ‘मला वाटतं’ भिडलं असतं.

साशंक : आणि त्या वाक्यातला खरा वजनदार शब्द ‘अपंग करणारा नाही’ हा आहे. तो कोण ठरवतं? पट्टी नाही. गळीत हंगामात आपल्या पट्ट्यात बीडकडून ऊसतोड कामगार येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची ऊस तोडून आणि मोळ्या गाडीवर चढवून. त्याच्या उजव्या हाताची पकड गेली, बाकी सगळं ठीक, एनआयएच शून्य किंवा एक. तोच दोष बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला झाला तर तो डाव्या हाताने चहा पिईल. एकाला ते अपंगत्व आहे, दुसऱ्याला गैरसोय. दोघांना एकच आकडा. आणि कोपीवरून, म्हणजे झोपडीवरून, आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, की बाबा, तू कामाला काय करतोस.

(कामाचा प्रश्न तपासणीच्या कागदावर असावा, याबद्दल इथे दोघांचंही एकमत होतं. पण तो कागद भरणाऱ्याला घाई असते आणि प्रश्नाला चौकट नसते, हे दोघांनाही माहीत असावं. त्यामुळे कुणीच त्याचा फार जल्लोष करत नाही.)

आग्रही : काम लिहायचं, हे पक्कं. पण आता बेलापूरवरच येऊ. तुमच्यापुढे पेशंट आहे, गाडी दारात आहे. श्रीरामपूर शेजारी. लोणीला मेडिकल कॉलेज. नगर, नाशिक, संभाजीनगर त्याहून लांब, आणि तारेने गुठळी काढणारी टीम हवी असेल तर अशाच मोठ्या शहराकडे पाहावं लागतं. कुठे पाठवणार? ‘सीरियस आहे’ म्हणून पुण्याला? का जवळ पडतं म्हणून जिथे सीटीच नाही अशा ठिकाणी, की तिथून पुन्हा दुसरी गाडी? हा निर्णय तुम्ही आकड्याशिवाय घेताच आहात. बहुधा पेशंटचा मेहुणा कुठे ओळखीचा आहे त्यावर तो होतो. त्यापेक्षा पाचपैकी चार हे कारण वाईट आहे का?

साशंक : मेहुण्यापेक्षा बरं. पण तेवढ्यावर मी दोन तासांचा रस्ता सुचवणार नाही. आधी 108 च्या पुण्यातल्या कंट्रोल रूमला बेलापूर कोणतं हे समजावायचं. एक नवी मुंबईत, आणि आमच्या नावाचं रेल्वे स्टेशनसुद्धा आमच्या गावात नाही, श्रीरामपुरात आहे! ते असो. स्पेनमधल्या कॅटलोनियात हाच प्रयोग नीट करून पाहिला. शहराबाहेरचे 1401 पेशंट, ज्यांच्या पट्टीचे मार्क मोठी गुठळी असावी असं सांगत होते. काहींना जवळच्या स्ट्रोक केंद्रात नेलं, काहींना जवळचं ओलांडून थेट तारेच्या केंद्रात. नव्वद दिवसांनी पाहिलं तर दोन्हींत फरक नाही. 2022 मध्ये हा निकाल आला. पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात असं दिसलं, की ज्यांना रक्तस्राव निघाला, त्यांना थेट लांब नेल्याने वाईटच झालं. मार्क बरोबर होते, गाड्या बरोबर होत्या, रस्ते आपल्यापेक्षा बरे होते.

आग्रही : त्या निकालात एक बारकी गोष्ट आहे, सर. तिथलं ‘जवळचं केंद्र’ म्हणजे सीटी आहे, इंजेक्शन आहे, फोनवर न्यूरोलॉजिस्ट आहे, आणि पुढे पाठवायची गाडी पटकन मिळते. जवळचं इतकं चांगलं होतं म्हणून लांब जाण्याचा फायदा दिसला नाही. आपल्याकडे जवळचं म्हणजे काय हेच आधी ठरवावं लागेल. हिमाचलने 2014 पासून तो रस्ता धरला. सीटी असलेली सरकारी रुग्णालयं घेतली, तिथल्या साध्या फिजिशियनला मोबाइलवर न्यूरोलॉजिस्ट जोडून दिला, इंजेक्शन सरकारने फुकट पुरवलं. डोंगरात करता येतं ते प्रवरेच्या काठी का नाही? पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचं गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस तर आपल्याच राज्यात बनतं. एका झटक्यात शिरेत देता येतं, तासभर पंप लावून बसावं लागत नाही. आणि फोनवरचा न्यूरोलॉजिस्ट पहिला प्रश्न काय विचारतो? मार्क किती. कारण त्याला पेशंट दिसत नाही.

साशंक : हल्ली व्हिडिओ दिसतो.

आग्रही : व्हिडिओ एका क्षणाचा. अर्ध्या तासापूर्वी कसा होता हे त्यात नाही. माझ्या दृष्टीने पट्टीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. तुम्ही बेलापुरात पाचपैकी दोन लिहिलेत, गाडीतल्या डॉक्टरने चार लिहिले, माझ्याकडे पाच झाले, तर मला कळतं की हा घसरतोय, थांबायला वेळ नाही. तुमच्याकडे चार होते आणि माझ्याकडे शून्य, तर गुठळी आपोआप सुटली असेल. पण हा पेशंट घरी सोडायचा नाही, कारण पुढचा झटका येऊ शकतो. तुमचा आकडा नसेल तर मला फक्त शून्य दिसतो, आणि मी म्हणते, काही नाही, जा. एकट्या आकड्याला तुम्ही दिलेल्या सगळ्या शिव्या लागू आहेत. दोन आकड्यांमधल्या फरकाला त्या तितक्याशा लागत नाहीत. आखाड म्हणणारी म्हातारी दोन्ही वेळा आखाडच म्हणेल.

साशंक : हे मात्र मी असं पाहिलं नव्हतं. चुकीचं मापसुद्धा दोनदा सारखंच चुकलं तर फरक खरा निघतो. पण त्यासाठी दोन्ही वेळा मोजणाऱ्यांनी सारखं मोजायला हवं. आणि बेरीज न लिहिता वेगवेगळं लिहायला हवं : चेहरा एक, हात दोन, पकड एक. चार लिहिलंस तर पुढच्याला कळत नाही की हात सुधारला आणि पकड बिघडली. ग्लासगोच्या कोमा स्केलचं हेच झालं. डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळं पाहायला ती 1974 मध्ये केली, आणि लोक ‘जीसीएस आठ’ म्हणून मोकळे होतात. आठ किती तऱ्हांनी होतो!

आग्रही : वेगवेगळं लिहू. सोबत वेळ, बाजू, शुगर, काम, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. एवढं लिहून झाल्यावर तुम्ही आकड्याला हरकत घेणार नाही?

साशंक : हरकत नाही, मागणी आहे. मी आकडा पाठवला, पण तो बरोबर होता का हे मला कोण सांगणार? इतकी वर्षं पेशंट पाठवतोय. सीटीत काय निघालं, इंजेक्शन मिळालं का, तो चालतो का, हे मला बाजारात त्याचा भाऊ भेटला तर कळतं. माझे चार खरे चार होते का दोन, हे कळल्याशिवाय माझा हात सुधारायचा कसा? पट्टी वर जाते, खाली काही येत नाही.

आग्रही : खाली यायला हवं, आणि ते अवघड नाही. नव्वद दिवसांनी फोन करायचा, पाच-सहा प्रश्न विचारायचे. त्यालाही पट्टी आहे.

साशंक : आहेच का तीही!

आग्रही : रँकिन स्केल. ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी 1957 मध्ये मांडली, नंतर सुधारली. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, सहा म्हणजे गेला. बहुतेक चाचण्यांत शून्य ते दोन हा चांगला निकाल धरतात.

साशंक : दोन म्हणजे नेमकं काय?

आग्रही : स्वतःचं स्वतः करतो, कुणाची मदत लागत नाही. पूर्वीची सगळी कामं मात्र जमत नाहीत.

साशंक : म्हणजे तो कोयतावाला जेवतो, आंघोळ करतो, शेळ्या राखतो, पण ऊस तोडू शकत नाही आणि उचल अंगावर तशीच आहे. तुमच्या वहीत तो चांगला निकाल.

आग्रही : वहीत, हो. मग तुम्ही काय मोजाल?

साशंक : पुढच्या हंगामाला तो कोयत्यावर आला का नाही.

आग्रही : तेही मोजमापच झालं, सर. हो किंवा नाही, दोनच खाने. मी वहीत तो रकाना काढते, माझी काही तक्रार नाही. पण हंगाम उलटला की तो बीडला, पुढच्या वर्षी मुकादम त्याला कर्नाटकात पाठवील, फोन नंबर मुकादमाचा. रकाना भरायला मी विचारू कुणाला?

साशंक : मुकादमालाच विचार. तो आला नाही तर उचल कुणाकडून वसूल करायची, याचा हिशोब त्याने आधीच मांडलेला असतो.

आग्रही : आणि मुकादम म्हणाला ‘नाही’, तर ते माझ्या इंजेक्शनमुळे नाही, का तुमच्या दोन तासांमुळे नाही, का त्याने दुसरा कोयता धरला म्हणून नाही?

साशंक : ते तुला ना मुकादम सांगेल, ना तुझी बेचाळीसची पट्टी. तरी रकाना काढ.